दगडात कोरलेला पूर्वजाचा चेहरा नेमका कोणासाठी? (चेंगडूचा राजा वांग ज्येन आणि चीनमधल्या अशा मूर्ती)

पाषाणपर्व:
नोकरीमुळे सध्या चेंगडूला आहे, सिचुआन प्रांताची राजधानी. इथे अगदी भर वस्तीत १५ मीटर उंचीचा, साधारण ८० मीटर व्यासाचा मातीचा गोल ढिगारा आहे. कित्येक पिढ्या लोकांना वाटायचं की हा सिमा श्यांगरू नावाच्या प्राचीन कवीचा चौथरा, तो इथे बसून तंतुवाद्य वाजवायचा. मग १९४० मध्ये जपानी विमानं बॉम्ब टाकत होती म्हणून लपायला भुयार खणायला घेतलं तर आत बांधकाम लागलं. भर युद्धात, १९४२-४३ मध्ये फंग हानजी आणि मग वू जिनडिंग यांनी पद्धतशीर उत्खनन केलं आणि कळलं की ही वांग ज्येनची कबर. हा माणूस ९०७ मध्ये थांग साम्राज्य कोसळल्यावर इथे शू नावाचं राज्य स्थापून सम्राट झाला आणि ९१८ मध्ये वारला.

आत लाल वालुकाश्माच्या १४ कमानी एकामागे एक, त्यात तीन दालनं. मधल्या दालनात शवपेटीचा दगडी ओटा आणि त्याच्या तीन बाजूंनी २४ बायका कोरल्यात, २२ वाजवणाऱ्या आणि २ नाचणाऱ्या. वीणेसारखं वाद्य आहे, बासऱ्या आहेत, ढोल आहेत, झांजा आहेत, एकीच्या हातात चक्क शंख आहे आणि एक जण नुसतं पान ओठाला लावून वाजवतेय. ओट्याच्या दोन्ही अंगांना चिलखत घातलेले १२ वीर, कंबरेपासून वर दिसतात, जणू जमिनीतून वर येऊन तो अख्खा ओटा हातांवर पेलतायत. आणि सगळ्यात मागच्या दालनात, दगडी आसनावर, तो स्वतः. मूर्ती मीटरभरसुद्धा उंच नाही. डोक्याला कापडी टोपी, अंगात साधा गोल गळ्याचा झगा, कंबरेला पट्टा, हात बाह्यांत लपवलेले.

चेहरा बघून मी तिथेच थांबलो. खोल डोळे, पुढे आलेल्या भुवया, वर आलेली गालफडं, पातळ मिटलेले ओठ. चिनी इतिहासग्रंथात या वांग ज्येनचं वर्णन आहे की भुवया उठावदार, कपाळ रुंद, दिसायला भारदस्त. त्याच ग्रंथात हेही आहे की तरुणपणी हा गुरं कापायचा, गाढवं चोरायचा, चोरटं मीठ विकायचा आणि गावातले लोक याला 'चोर वांग' म्हणायचे, आठवा मुलगा म्हणून पुढे 'आठवा' जोडून. मूर्तीत सम्राटाचा थाट फारसा नाहीच, थकलेला आणि पक्का असा म्हातारा माणूस आहे.

पण माझ्या डोक्यात घोळतंय ते वेगळंच. एवढी जीव ओतून घडवलेली मूर्ती कबरीच्या आत ठेवून दारं बंद केली. मुलाला, नातवाला, प्रजेला ती दिसणारच नव्हती. तिचं तोंड दक्षिणेकडे, म्हणजे ती आपल्याच शवपेटीकडे बघतेय. मग हा चेहरा घडवला कोणासाठी? चीनच्या पूर्वजपूजेबद्दल किंवा अशा मूर्तींबद्दल कोणाला माहिती असेल तर लिहा, मलाही जे सापडलंय ते सांगत राहीन.

रानवाटा:
वा, शंखवालीचं वाचून मस्त वाटलं. एक शंका, मागे टूरबरोबर बीजिंगला गेलेलो तेव्हा मिंग राजांच्या कबरींकडे जाणारा एक लांब रस्ता दाखवला होता, दोन्ही बाजूंना दगडी हत्ती, उंट, घोडे आणि मग उभी माणसं, चांगली दीड-दोन माणूस उंच. गाइड बोलला त्यातलं अर्ध कळलं नाही, मी समजून चाललेलो की ते राजांचे पूर्वज म्हणून उभे केलेत. ते नाहीत का पूर्वज?

पाषाणपर्व:
@रानवाटा, नाही दादा, ते सगळे चाकरीतले. त्या रस्त्यावर २४ जनावरं आणि १२ माणसं आहेत, माणसं म्हणजे सेनापती आणि दरबारातले अधिकारी. राजाचा स्वतःचा पुतळा त्यात कुठेच नाही, आणि हे जवळपास सगळ्या मोठ्या राजकबरींना लागू पडतं. शीआनजवळ छ्येनलिंगला सम्राट गाओझोंग आणि वू झेत्येन ही नवराबायको पुरलीत, ती वू झेत्येन म्हणजे चीनच्या इतिहासातली स्वतःच्या नावाने राज्य केलेली एकमेव स्त्री सम्राट. तिथे ६१ परदेशी सरदार-वकिलांचे पुतळे हात जोडून उभे आहेत, बहुतेकांची डोकी उडालीत. एवढे परके लोक दगडात कोरले पण ज्यांच्यासाठी कोरले ते दोघं नाहीत.

त्याच्याही आधी सम्राट थायझोंगच्या कबरीपाशी १४ परदेशी राजांचे पुतळे उभे केले होते आणि त्या यादीत एक आपल्याकडचा आहे. हर्षवर्धन गेल्यावर उत्तरेत ज्याने सत्ता बळकावली आणि ज्याला चिनी वकील वांग श्वेनत्सने ६४८ मध्ये कैद करून नेलं तो अरुणाश्व की अर्जुन, त्याचं नाव चिनी अक्षरांत आहे. म्हणजे हरलेल्या भारतीय राजाला दगडात घडवलं आणि जिंकलेल्या सम्राटाला नाही. थायझोंगचे लढाईतले सहा घोडेसुद्धा कोरलेत, त्यातले दोन आता अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये आहेत आणि चार शीआनला.

म्हणूनच वांग ज्येन मला इतका वेगळा वाटतो.

तर्क:
लेख आवडला पण शीर्षकाशी सहमत नाही. वांग ज्येनच्या मूर्तीला पूर्वजाची मूर्ती म्हणणं बरोबर नाही. चीनमध्ये पूर्वजपूजा चालते ती नाव लिहिलेल्या लाकडी पाटीसमोर. घराण्याच्या देवळात ओळीने पाट्या असतात, अगरबत्ती तिथे, नैवेद्य तिथे, मृताचं अस्तित्व त्या पाटीत आलं असं धरतात. चेहऱ्याबद्दल तर तिकडच्या विद्वानांना चांगलाच संशय होता. अकराव्या शतकातला छंग यी, कन्फ्यूशियन परंपरेतलं फार मोठं नाव, त्याचं म्हणणं असं की चित्रात एक केस जरी चुकला तरी तुम्ही तुमच्या बापाची नाही, कोणा दुसऱ्याच माणसाची पूजा करताय. पुढे १५३० मध्ये तर मिंग सम्राटाच्या हुकमाने कन्फ्यूशियसच्या देवळांमधले पुतळेसुद्धा काढून पाट्या बसवल्या. ज्या समाजाने गुरूचा पुतळा काढून नाव ठेवलं तिथे पूर्वजाच्या दगडी चेहऱ्याची परंपरा शोधायला जाणं म्हणजे आपल्याला जे हवंय तेच शोधणं.

आणि कबरीत बंद केलेल्या वस्तूला पूजेची वस्तू कसं म्हणणार? तिच्यासमोर कोणी हात जोडलेच नाहीत.

कालवा:
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, मूर्तीशास्त्रातलं काही कळत नाही, पण चेंगडू म्हटल्यावर राहवेना. तिथून जवळच दुजियांगयान आहे, इसवी सनाच्या आधी साधारण २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या सुभेदाराने मिन नदीचं पाणी धरण न बांधता दोन भागांत वळवलं आणि ते काम आजही चेंगडूच्या मैदानाला पाणी देतंय. आमच्या पिढीतल्या कुठल्याही इंजिनिअरला ते नाव आदराचं.

१९७४ मध्ये तिथे नदीच्या पात्रात या ली बिंगचा दगडी पुतळा सापडला, २.९ मीटर उंच, अंगावर अक्षरं कोरलेली. त्यात लिहिलंय की इसवी सन १६८ मध्ये पाण्याच्या खात्यातल्या दोन अधिकाऱ्यांनी तीन दगडी माणसं घडवली, पाणी कायम आवरून ठेवण्यासाठी. म्हणजे ली बिंग जाऊन चारशे वर्षं झाल्यावर त्याच्या खुर्चीत बसलेल्या लोकांनी त्याला दगडात उभा केला आणि थेट पाण्यात ठेवला. जुन्या ग्रंथात तर असंही आहे की ली बिंगने स्वतःच नदीत दगडी माणसं उभी केली होती आणि पाणी आटलं तरी पायाच्या खाली जाऊ नये, चढलं तरी खांद्याच्या वर जाऊ नये असा नदीशी करार केला होता. आमच्या भाषेत पाणीपातळीची पट्टी. @तर्क साहेब, ली बिंग त्या अधिकाऱ्यांच्या रक्ताचा पूर्वज नव्हता पण कामाचा पूर्वज नक्की होता असं मला मनापासून वाटतं आणि त्याचं नुसतं नाव लिहून त्यांचं भागलं नाही, माणूसच लागला.

अवनी:
कालवा काका, फार सुंदर प्रतिसाद!

पाटीवरून आठवलं, डिंग लानची गोष्ट कोणी सांगितली नाही अजून. आईवडील लहानपणीच गेले म्हणून याने त्यांची लाकडी मूर्ती केली आणि जिवंत असल्यासारखी सेवा सुरू केली, काही विचारायचं तर मूर्तीला विचारायचा, जेवण आधी तिला. पुढच्या काळात गोष्ट अशी वाढली की बायकोने कंटाळून मूर्तीच्या बोटाला सुई टोचली तर रक्त आलं. ही चीनमधल्या आदर्श मुलांच्या २४ गोष्टींपैकी एक. शांदोंग प्रांतात वू लियांग नावाच्या माणसाची दगडी समाधी-देवळी आहे, इसवी सन १५१ ची, तिच्या भिंतीवर डिंग लान कोरलाय, लाकडी बापासमोर गुडघे टेकून बसलेला. म्हणजे मूर्तीची पूजा कशी करावी हे एका पूर्वजाच्याच देवळीत कोरून ठेवलंय. मग @तर्क, परंपरा नव्हती असं कसं म्हणता? विद्वानांना नको होती म्हणून लोकांना नव्हती असं होत नाही ना. उलट छंग यीला एवढं ठासून सांगावं लागलं म्हणजे आजूबाजूला लोक सर्रास करत असणार.

आमच्या घरी देव्हाऱ्यात पूर्वजांचे टाक आहेत, चांदीचे, झिजून चेहरे गेलेत. दसऱ्याला उजळून पूजा होते, कोणता टाक कोणाचा ते आजीलाही सांगता येत नव्हतं पण ती एकही मागे ठेवायची नाही. म्हणून हे सगळं फार जवळचं वाटतंय वाचताना.

तर्क:
@अवनीताई, मुद्दा चांगला आहे आणि वू लियांगचं उदाहरण वजनदार आहे. पण बघा, त्या देवळीत कोरलाय तो लाकडी मूर्तीवाला डिंग लान, आणि ज्याच्यासाठी देवळी बांधली त्या वू लियांगची दगडी मूर्ती काही आपल्यापाशी नाही. भिंतींवर पुराणातले राजे आहेत, आज्ञाधारक मुलं आहेत, मारेकरी आहेत. दगडाला कथा सांगायला लावली, चेहरा सांभाळायला नाही. माझा प्रश्न तिथेच आहे.

पाषाणपर्व:
@तर्क, तुमच्या प्रश्नामुळे मला नीट लिहावं लागतंय, बरं झालं. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, दगडाला चेहरा सांभाळायला लावलेलं एक जुनं उदाहरण आहे आणि तेही राजाचं. ४५२ मध्ये उत्तरेकडच्या वेई घराण्याचा सम्राट वनछंग गादीवर आला, आधीच्या राजाने बौद्ध धर्मावर घातलेली बंदी उठवली आणि हुकूम दिला की बुद्धाची दगडी मूर्ती करा पण अंगकाठी माझी ठेवा. इतिहासात नोंद आहे की मूर्ती पुरी झाली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आणि पायावर काळे खडे निघाले आणि ते बरोबर सम्राटाच्या अंगावरच्या तिळांच्या जागी होते. मग ४६० पासून थानयाओ नावाच्या भिक्षूने युंगांगला डोंगरात पाच लेणी खोदवली, पाच प्रचंड बुद्ध, आणि अभ्यासक ते त्या घराण्याच्या पाच सम्राटांशी जोडतात. म्हणजे एका घराण्याचे पूर्वज ओळीने डोंगरात बसलेत, फक्त बुद्धाच्या रूपात, आणि त्यांच्यासमोर हजारो लोकांनी हात जोडलेत. आपल्याकडे वेरूळ-अजिंठा बघितलेल्या माणसाला ते लेणं बघताना परकं वाटत नाही पण हा राजाच्या तिळांचा प्रकार मात्र मला पूर्ण नवा होता.

दुसरी गोष्ट सिचुआनचीच आणि वांग ज्येनच्या नंतरची. दक्षिण सोंग काळात, बाराव्या-तेराव्या शतकात, इथले सधन लोक दगडी कबरी बांधायचे आणि मागच्या भिंतीत कोनाडा करायचे. काही कोनाड्यांत कबरीचा मालक कोरलेला असतो, पडद्यापुढे खुर्चीत बसलेला, बाजूला चाकर. आणि काही ठिकाणी चाकर आहेत, पडदा आहे, मध्ये खुर्ची पण आहे आणि खुर्चीत कोणीच नाही, रिकामी. एकाच प्रांतात, एकाच काळात, दोन्ही. म्हणजे तुम्ही आणि अवनीताई आज जो वाद घालताय तो तिथले पाथरवट आणि त्यांचे गिऱ्हाईक तेव्हाच घालत असणार, चेहरा द्यायचा की जागा सोडायची.

आणि कबर बऱ्याचदा माणूस जिवंत असतानाच बांधून ठेवायचे. अशा कबरीत मालकाच्या नावाने एक दगडी माणूस ठेवायचे आणि सोबत लेख, त्यातलं म्हणणं साधारण असं की या जिवंत माणसाला बोलावणं धाडायचं असेल तर आधी या दगडी माणसाला बोलता येऊ दे. यमाला अट घातली म्हणा ना. दगड बोलणार नाही आणि माणूस जाणार नाही. हा दाओ पंथाचा प्रकार आणि काही अभ्यासक वांग ज्येनच्या मूर्तीलाही याच वाटेवर बसवतात. मला हे पटतं, कारण मग ती मूर्ती बघायला कोणी नव्हतं हा प्रश्नच राहत नाही. ती बघण्यासाठी नव्हती, त्याच्या जागी बसण्यासाठी होती. आणि जागी बसायचं तर चेहरा त्याचाच लागणार, छंग यी म्हणतो तसा केसाकेसाने बरोबर. माझ्या मते म्हणूनच ती गालफडं इतकी खरी आलीत.

छिन्नी:
दगडात काम करतो म्हणून लिहितोय. सिचुआनचा लाल वालुकाश्म मऊ असतो, ओला असताना छिन्नी छान चालते, आणि त्यामुळे तिथे उठाव भरपूर खोल देता येतो, वाद्यं वाजवणाऱ्यांच्या बाह्यांच्या चुण्या त्यामुळेच तशा आल्यात. पण हाच दगड पावसात थर सोडतो, कोपरे गोल होतात, नाक आणि ओठ सगळ्यात आधी जातात. वांग ज्येनचा चेहरा आज टिकलाय त्याचं मोठं कारण ती मूर्ती बंद दालनात होती हेच आहे, उघड्यावर असती तर पातळ ओठ दिसलेच नसते. चोर आत गेले होते, सोनंनाणं नेलं असणार, दगडाचा जड माणूस कोण नेतो.

आताचं सांगायचं तर फूच्येन प्रांतात ह्वेइआन म्हणून भाग आहे, दगडकामासाठी फार प्रसिद्ध, त्यांच्या कलेला २००६ मध्ये देशाच्या वारसायादीत घेतलंय. तिथे काळा दगड आरशासारखा घासतात आणि पोलादी सुईने त्यावर टिंबं मारतात, टिंब पडलं की दगड पांढरा दिसतो, टिंबं दाट तिथे उजेड, विरळ तिथे सावली. फोटो समोर ठेवून असा चेहरा काढतात की सुरकुती न सुरकुती येते. आईवडिलांचे फोटो असे दगडावर उतरवून घेतात लोक. खोली नाही, उठाव नाही, नुसता पृष्ठभाग, पण हात जरा जड पडला तर ते टिंब पुसता येत नाही. मला विचाराल तर त्यात वांग ज्येनच्या पाथरवटापेक्षा जास्त धीर लागतो, कल्पकता मात्र कमी.

घाटवाट:
वाचनखूण साठवली. @तर्क आणि @पाषाणपर्व दोघांनाही नाणेघाटाची आठवण करून देतो. जुन्नरजवळ घाटाच्या तोंडाशी जे लेणं आहे त्याच्या मागच्या भिंतीला सातवाहन घराण्यातल्या लोकांच्या प्रतिमा होत्या, इसवी सनाच्या आधीचं पहिलं शतक. वर नावं कोरलेली: राजा सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिर, हकुसिरी, कुमार सातवाहन. घाट चढून येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याला घराणं दिसावं अशी जागा. आज तिथे प्रतिमा नाहीत, पायांच्या खुणा आणि वरची नावं एवढंच उरलंय. वांग ज्येन कोंडला म्हणून वाचला, आमचा सिमुक रस्त्यावर उभा होता म्हणून गेला. पण एक आहे, सातवाहनांनी चेहरा आणि नाव दोन्ही दिलं होतं, पाटी की मूर्ती अशी निवड केलीच नाही.

मीरा_सोलापूर:
चर्चा खूपच छान चाललीये. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, अवघे ३२ वर्षांचे. हबेइ प्रांतात शिजियाचुआंगला हुतात्म्यांच्या बागेत त्यांची कबर आणि पुतळा आहे. एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, चिनी लोकांचा पूर्वजांच्या कबरी झाडून साफ करायचा दिवस, तेव्हा त्यांच्या कबरीवरही लोक फुलं वाहतात. ज्यांच्याशी रक्ताचं नातं नाही अशा लोकांनी एका मराठी माणसाला आपल्या पितरांत घेतलंय, कालवाकाकांनी कामाचा पूर्वज म्हटलं ते वाचून हेच डोळ्यांसमोर आलं. डॉक्टरांचा पुतळा कबरीच्या आत नाही, उघड्यावर आहे, लोकांना दिसावा म्हणूनच आहे, तर @पाषाणपर्व तुमच्या प्रश्नाचं उत्तर काळाप्रमाणे बदललं असं म्हणता येईल का?

पाषाणपर्व:
@मीराताई, हो, बदललंय असंच वाटतं. हुतात्म्यांचे पुतळे बघणाऱ्यासाठीच उभे केलेले असतात. @छिन्नी, टिंबांचं वाचून ह्वेइआनला जायचं नक्की केलंय.

@तर्क, बाहेरचा एक मुद्दा तुमच्या बाजूने जातो म्हणून प्रामाणिकपणे लिहितो. क्वेइचौ प्रांतात झुन्यीजवळ यांग त्सान नावाच्या वंशपरंपरेच्या सरदाराची कबर आहे, तेराव्या शतकातली, १९५३ मध्ये सापडली, नवराबायकोची जोडकबर, आत १९० कोरीव आकृत्या. त्यातही तो स्वतः कोरलाय. पण बघा, वांग ज्येनची कबर दक्षिण-पश्चिमेची, सोंग काळातल्या त्या सगळ्या कबरी सिचुआनच्या आणि हा यांग त्सान शेजारच्या क्वेइचौचा. म्हणजे दगडी चेहऱ्याची ही ओढ सगळ्या चीनची म्हणता येणार नाही, या कोपऱ्यात ती जास्त दिसते. दगड मऊ, दाओ पंथाचा जोर, आणि राजधानीतले विद्वान लांब.

तर्क:
हे मान्य. प्रादेशिक परंपरा म्हणत असाल तर माझा विरोध नाही. शीर्षकात 'पूर्वज'च्या जागी 'मृत' घाला एवढंच म्हणणं, कारण जागी बसणारी मूर्ती आणि पूजेची मूर्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्याच स्पष्टीकरणाने वांग ज्येनची पहिल्या प्रकारात जाते.

अवनी:
मला 'पूर्वज'च बरं वाटतं. मुलाने दार लावून घेण्याआधी शेवटचं बघितलंच असेल ना त्या चेहऱ्याकडे. राज्य पुढे ९२५ मध्ये त्याच मुलाच्या हातून गेलं.

रानवाटा:
@पाषाणपर्व, चेंगडूला आलो तर हे आत जाऊन बघता येतं का, की नुसता ढिगारा बाहेरून?

पाषाणपर्व:
येतं दादा, आत जाता येतं, जागा योंगलिंग म्युझियम म्हणून विचारा. सोबत छोटी बॅटरी असू द्या, ओट्याच्या पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला दहा-दहा वाजवणाऱ्या आहेत, त्यांच्याभोवती सावकाश एक फेरी मारा आणि मगच मागे मूर्तीकडे जा. पान वाजवणारी लवकर सापडत नाही, ओठाशी नुसतं पान धरलेली आणि हातात वाद्य नसलेली बघा, ती तीच.